वाचकांचे प्रश्न : आठ इंजिनांचं ब्रॅबझन

प्रश्न : ब्रिस्टल ब्रॅबझन या ब्रिटिश प्रवासी विमानाला आठ इंजिनं होती असं वाचलं, पण फोटोत प्रोपेलरच्या जागा चारच दिसतात. हे कसं?

उत्तर : फोटो जरा बाजूने काढलेला असेल तर नीट पाहा. प्रत्येक जागी एकामागे एक असे दोन प्रोपेलर आहेत, तीन-तीन पात्यांचे आणि उलटसुलट फिरणारे. त्यांच्या मागे पंखाच्या पोटातच दोन सेंटॉरस इंजिनं शेजारी शेजारी, एकमेकांकडे कललेली. प्रत्येक इंजिन १८ सिलिंडरचं, २,६५० अश्वशक्तीचं. दोघांचे शाफ्ट एकाच गिअरबॉक्समध्ये येतात, पण शक्ती तिथे एकत्र होत नाही. एक इंजिन पुढचा प्रोपेलर फिरवतं, दुसरं मागचा, त्यासाठी पोकळ शाफ्टच्या आतून दुसरा शाफ्ट जातो. एक इंजिन बंद पडलं तर फक्त त्याची पाती वाऱ्याला कडेने उभी करून ठेवायची, शेजारचं चालूच राहतं.

किंमत मोजावी लागली ती वेगळीकडे. हवेने थंड होणारं इंजिन पंखात पुरल्यावर हवा पंखाच्या पुढच्या कडेतून आत घ्यावी लागते, आणि मेकॅनिकचा हात सहज पोचत नाही. शिवाय मागचा प्रोपेलर पुढच्याने घुसळलेल्या हवेत फिरतो. पातं पात्यामागून गेलं की दर वेळी बारीक ठोका, आणि असे लाखो ठोके धातू थकवतात. ब्रॅबझनच्या प्रोपेलर बसवलेल्या भागात तडे सापडलेही.

प्रश्न : मग तड्यांमुळेच उत्पादन झालं नाही का?

उत्तर : नाही. तडे दुरुस्त करता आले असते. मूळ हिशेबच चुकला होता. युद्धानंतरची प्रवासी विमानं ठरवायला ब्रिटिश सरकारने १९४२ च्या डिसेंबरात नेमलेल्या समितीने लंडन-न्यूयॉर्क विनाथांबा प्रवास डोळ्यासमोर ठेवला आणि एका प्रवाशामागे २०० घनफूट जागा धरली, म्हणजे जवळजवळ ६ फूट लांब-रुंद-उंच खोली! म्हणून ७० मीटर पंखविस्ताराच्या, सुमारे १३१ टनी विमानात प्रवासी फक्त १००. दर माणशी १.३ टन वजन उचलायचं, तेही ताशी ४०० किलोमीटरने. त्याच काळातलं ४८ टनी अमेरिकन प्रवासी विमान कॉन्स्टेलेशन ६० जणांना नेत होतं. कोणत्याही विमान कंपनीने ऑर्डर दिली नाही.

पहिलं उड्डाण ४ सप्टेंबर १९४९ ला झालं. कॉमेट हे ब्रिटिश जेट प्रवासी विमान त्याआधी २७ जुलैलाच उडालं होतं. कॉमेटला तेव्हा अटलांटिक एका दमात पार होत नव्हता, पण वेगाची अपेक्षा बदलली ती कायमची. ब्रॅबझनच्या दुसऱ्या नमुन्यात प्रोटियस टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनने प्रोपेलर फिरवणारी इंजिनं, बसवायची होती. तो पुराच झाला नाही. १९५३ मध्ये प्रकल्प बंद करून दोन्ही विमानं भंगारात काढली.

आमच्या मते उड्डाणाच्या दृष्टीने हे यंत्र उत्तम होतं. पूर्णपणे हायड्रॉलिक शक्तीवर चालणारी नियंत्रणं एवढ्या मोठ्या विमानात तेव्हा फार नवी होती.

प्रश्न : काही शिल्लक आहे का?

उत्तर : ब्रिस्टल कंपनीच्या फिल्टन इथल्या धावपट्टीची लांबी वाढवण्यासाठी जवळचं चार्ल्टन गाव पाडलं गेलं, ते परत उभं राहिलं नाही. विमान जोडायला बांधलेला प्रचंड हँगर मात्र कामी आला. पुढे ब्रिस्टलचीच ब्रिटानिया प्रवासी विमानं आणि आवाजापेक्षा वेगवान अशी ब्रिटिश कॉन्कॉर्डं तिथेच जुळली, आणि ९ एप्रिल १९६९ ला पहिलं ब्रिटिश कॉन्कॉर्ड त्याच धावपट्टीवरून उडालं.