बापाचा मार आणि बायकोवरचा हात

प्रश्न : लग्नाला दोन वर्षं झाली. नवऱ्यानं तिसऱ्यांदा हात उचलला. सासूबाई म्हणतात, ‘लहानपणी बापाचा फार मार खाल्लाय त्यानं, समजून घे.’ खरंच असा संबंध असतो?

उत्तर : असतो. कॅलिफोर्नियातल्या साडेआठ हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत (२००३) बालपणीचे तीन अनुभव तपासले होते : मार, लैंगिक अत्याचार आणि आईला मार खाताना पाहणं. यातलं काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत, तिन्ही भोगलेल्या पुरुषांनी जोडीदाराला मारण्याचा धोका ३.८ पट निघाला. तशाच बायकांनी जोडीदाराचा मार खाण्याचा ३.५ पट. धाकात वाढलेलं मूल सतत सावध असतं. मोठेपणी साधा नकारही त्याला अपमान वाटतो. भांडण मिटवायची दुसरी रीतही त्यानं घरात पाहिलेली नसते.

तरीही असं बालपण काढलेले पुष्कळ पुरुष हात उचलत नाहीत. तुमचा नवरा साहेबांवर धावून जातो का? जात नसेल, तर हात आवरणं त्याला जमतं. समजून घेण्याचं काम सासूबाईंनी तुमच्या गळ्यात घालू नये.

मारहाण चालू असताना दोघांनी एकत्र समुपदेशनाला बसू नका. तिथं बोललेल्याचा हिशेब घरी चुकता होतो. त्यानं एकट्यानं मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. सुरुवातीला टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, १४४१६.

तुम्ही १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला, किंवा पोलिसांच्या आवारातल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षात जा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून न्यायालयात अर्ज करायला मदत करतात. घर तुमच्या नावावर नसलं तरी तिथं राहण्याचा हक्क मिळतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दवाखान्यात ‘जिन्यावरून पडले’ सांगू नका, पुढे तोच कागद आडवा येतो. कोणी, कशानं, कधी मारलं ते केसपेपरवर लिहून घ्या. गळा दाबला असेल तर वळ नसला तरी त्याच दिवशी दाखवा. आवाज बसणं, गिळताना दुखणं ही आतल्या इजेची खूण असू शकते.

प्रश्न : बाबा आईला मारायचे. मे महिन्यात माझं लग्न आहे. मीही तसाच निघेन का?

उत्तर : तसं ठरलेलं नसतं. होणाऱ्या बायकोला हे आत्ताच सांगा. भांडणात कान तापले, जबडा आवळला, की ‘अर्ध्या तासानं येतो’ म्हणून बाहेर पडा, आणि वेळेवर परत या. न सांगता निघून गेलात तर तीही तिला शिक्षाच वाटते.