दुसऱ्याच्या घरी वाढलेला इग्वाना घरी आणताना

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. जर्मनीला निघालेल्या त्या जोडप्याचा सहा वर्षांचा हिरवा इग्वाना, तो मोठा परदेशी सरडा, तू घ्यायचं म्हणतोस आणि रविवारी बाणेरला त्याला बघायला जाणार आहेस. एक गोष्ट आत्ताच पक्की कर. रविवारी फक्त बघून यायचं, घेऊन यायचं नाही. घाई त्यांना आहे, तुला नाही.

तिथे गेल्यावर प्राण्याइतकाच वेळ माणसांना दे. तो काय खातो, कुठे घाण करतो, कशाला बिचकतो, हे सगळं त्या दोघांच्या डोक्यात आहे. ते एकदा विमानात बसले की सांगणारं कुणी उरणार नाही. वही-पेन घेऊन जा. ‘काय खातो?’ असं विचारलंस तर ‘सगळं खातो’ असंच उत्तर येईल. त्यापेक्षा काल सकाळी काय घातलं, परवा काय घातलं, असं विचार. अंडी, चिकन किंवा मांजराचं खाणं ऐकू आलं तर कान टवकार. इग्वाना पूर्ण शाकाहारी, पाला खाणारा प्राणी आहे. वर्षानुवर्षं प्रथिनं जास्त गेली की त्याची मूत्रपिंडं खराब होतात, आणि ते बाहेरून फार उशिरा कळतं. नर असेल तर विणीच्या काळात कसा वागतो, तेही विचार. एरवी शांत असलेला नर त्या दिवसांत अंगावर येतो. मादी असेल तर अंडी कधी घातली ते विचार. नराशिवायही मादीला अंडी धरतात, आणि ती पोटात अडकली तर जिवावर बेततं.

मग त्याच्याकडे वळ. वरून हात नेऊ नकोस. त्याच्या डोक्यावर, दोन्ही डोळ्यांच्या मागे मधोमध, एक फिकट ठिपका असतो. त्याला त्यातून आकार दिसत नाहीत, पण उजेड आणि सावली कळते. वरून सावली पडली की त्याच्या लेखी घार आली. बाजूने, त्याला दिसेल असा हात ने. मालकाला त्याला धरायला सांग आणि तू बोटं बघ, एकेक करून, नखापर्यंत. कातीचा तुकडा बोटाभोवती अडकून राहिला की दोऱ्यासारखा आवळतो, रक्त पोचत नाही आणि बोट झडतं. शेपटीच्या टोकाचंही तसंच. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, घट्ट लागतो का ते बघ. पाय बघताना विशेष सावध राहा. मांड्या आणि दंड गुबगुबीत दिसले की लोक म्हणतात, ‘बघा, कसा धष्टपुष्ट आहे!’ पण शेपटीच्या मुळाशी हाडं वर आलेली आणि पाय मात्र जाड असतील, तर ते बाळसं नव्हे. कॅल्शियम कमी पडल्यामुळे हाडं सुजलेली असतात.

असा आजार बहुतेक वेळा पिंजऱ्यातल्या दिव्यापाशी सुरू होतो. उन्हात असतात तसे अतिनील ‘यूव्हीबी’ किरण मिळाले नाहीत तर त्याच्या शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि मग खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. दिवा लखलखीत जळत असतो, पण साधारण सहा महिने ते वर्षभरात त्यातली यूव्हीबी पार कमी झालेली असते. म्हणून दिवा कधी बदलला ते विचार. नक्की सांगता येत नसेल तर नव्या दिव्याचा खर्च धरूनच चाल. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन या कामाचं नाही, काच ते किरण अडवते. आपल्याकडे खरं ऊन फुकट आहे. सकाळी गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागात सावली ठेवून त्याला बसव आणि स्वतः तिथेच थांब. काचेच्या टाकीत उन्हात मात्र कधीही ठेवू नकोस, बघता बघता भाजून निघेल.

कायद्याचं काम आधी उरक. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि इग्वानासारखे परदेशी प्राणी त्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या चौथ्या यादीत आले. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. ताबा बदलला तर तेही कळवावं लागतं, आणि नव्या मालकाला ३० दिवसांची मुदत असते. त्यांच्या नावची नोंदणी डोळ्यांनी बघ. कागद नसेल तर आधी त्यांना वनविभागाशी बोलू दे. हा कागद घरात हाताशी ठेव, कारण सोसायटीत पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘घोरपड पाळलीय!’ म्हणून ओरडणार. घोरपड पाळणं हा गुन्हा आहे, ती पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे लोकांचा संशय अगदीच चुकीचा नाही. घरमालकाची परवानगीही लेखी घे.

आता तो आलाच असं धरू. त्याची जागा आधी तयार हवी: उंच, आडव्या जाड फांद्या असलेली. बसायच्या जागी ३५ अंशांच्या आसपास ऊब आणि दुसऱ्या टोकाला थोडा गारवा. पोटातला पाला पचायला त्याला ही ऊब लागते, म्हणून खाणं सकाळी द्यायचं, संध्याकाळी नाही. पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्रींसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लाव, पण त्याला जाळी हवी. मंडईतून शेवग्याचा पाला आण, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, लाल भोपळा. पालक रोज नको. पण हे सगळं पहिल्या दिवशी नको! जुन्या घरी जे खात होता तेच आधी दे, त्यांच्याकडची फांदी आणि ताटली मागून आण, आणि नवा पाला हळूहळू वाढव. चुकीचं खाणंसुद्धा त्याच्या ओळखीचं असतं. माझ्या पाहण्यात असे प्राणी सगळ्यात जास्त बिघडतात ते नव्या मालकाच्या उत्साहाने. पिंजरा, खाणं, माणसं सगळं एकदम बदलतं आणि तो खाणंच सोडतो.

पहिले काही दिवस तो काळपट पडेल, कोपरा धरेल, कमी खाईल. त्याला उचलू नकोस. शेपटी तर कधीच धरू नकोस, ती तुटते. त्याआधी तो तिचा फटका मारेल आणि वळ उठेल. रोज ठरल्या वेळी ताटली ठेव आणि तिथेच जरा वाचत बस. पाणी बदललं, पिंजरा पुसला की साबणाने हात धू, स्वयंपाकघरातल्या मोरीत त्याची भांडी धुऊ नकोस. त्याच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि तुझ्या ताईचं बाळ लहान आहे.

आणि हे सगळं वाचून नको वाटलं, तर रविवारी सरळ नाही म्हण. नीट सांभाळला तर तो १५-२० वर्षं जगतो. तेवढ्यात तुझी नोकरी, गाव, घर सगळं बदलेल. पुढे नकोसा झाला म्हणून टेकडीवर सोडायचा तर विचारही नको. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९६० च्या दशकापासून हे इग्वाना मोकळे झाले, वाढत गेले, आणि २०२१ मध्ये तिथल्या सरकारला ते पाळण्यावरच बंदी आणावी लागली.

रविवारी बोटांचे, जबड्याचे आणि दिव्यावरच्या लेबलचे फोटो काढून मला पाठव. सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांचा नंबर मी देते. घरी आणायच्या आधी त्यांची वेळ घेऊन ठेव, आणि जाताना ताजी विष्ठा डबीत घालून ने, जंतांची तपासणी पहिल्याच खेपेला होऊन जाईल.

तुझी,
मावशी