फिराहून ओइयापर्यंत कड्यावरून चालताना

ग्रीसमधील सँटोरिनी बेटावरील फिरा ते ओइया या दोन गावांमधली ही वाट जेमतेम १० किलोमीटरची असून रमतगमत चाललात तरी साधारण चार तासांत संपते. परंतु तेवढ्यावरून तुम्ही निर्धास्त राहू नये, कारण वाटेत सावली जवळजवळ नाही आणि इमेरोविग्ली गाव मागे पडल्यावर पाणी मिळेलच असे धरून चालता येत नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे व प्रत्येकी दोन लिटर पाणी जवळ ठेवावे.

इमेरोविग्लीपर्यंतची वाट बहुतांशी फरसबंद आहे. खरी काळजी त्यापुढील लाल-काळ्या ज्वालामुखीय खड्यांच्या उतारांवर घ्यावी लागते. हे खडे सच्छिद्र आणि हलके असल्यामुळे पावलाखालून घरंगळतात. सह्याद्रीच्या कातळावर सरावलेल्या पायांनाही येथे सावधपणे, आडवे पाऊल टाकत उतरावे लागते. चपला नकोत, खोल खाचांच्या तळव्याचे बूटच हवेत. मेल्तेमी, म्हणजे उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारा वारा, जोरात असेल, तर छायाचित्रासाठी काठावर मुळीच उभे राहू नका.

वेळ असल्यास इमेरोविग्लीजवळील स्कारोस खडकाचा फाटा मात्र चुकवू नये, असे मला मनापासून वाटते; कारण तेथून कड्यातील लाव्हा आणि राखेचे थर एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. परतीसाठी ओइयाहून फिराला बस मिळते.