बायबलमध्ये जमीन देवाची, तर इस्राएली लोक ती विकायचे कशी?

खरं तर विकली जायची ती पुढची पिकं. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकानुसार (25:23) जमीन देवाची, इस्राएली तिथे उपरे. म्हणून कायमची विक्री बंद. दर 50 व्या, म्हणजे योबेल वर्षी शेत मूळ कुटुंबाकडे परत जायचं. योबेलला वर्षं जास्त उरली तर भाव जास्त, कमी उरली तर कमी. योबेलच्या आधीही विकणारा किंवा त्याचा जवळचा नातेवाईक ते पैसे देऊन सोडवू शके. उपभोगलेल्या वर्षांची रक्कम वजा करून बाकी खरेदीदाराला द्यायची. वाचणारे हमखास चुकतात ते घरांबाबत: तटबंदीच्या शहरातलं घर वर्षभरात सोडवलं नाही तर कायमचं गेलं, लेव्यांची (देवाची सेवा करणाऱ्या लेवी वंशाची) घरं तेवढी वगळून. नाबोथाने अहाब राजाला द्राक्षमळा नाकारला (1 राजे 21), तोही वाडवडिलांचं वतन म्हणूनच.