आज टोकन द्या, नाहीतर फ्लॅट गेला!

प्रश्न: गुंतवणूक म्हणून वाकडला पहिलाच टूबीएचके बघतोय, बांधकाम चालू आहे. सेल्सवाला म्हणतो तीन पार्ट्या लाइनमधे आहेत, आजच टोकन द्या, उद्या रेट वाढणार. काय करू?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर: अहो, त्या तीन पार्ट्या प्रत्येक साइटवर असतात! आधी महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) वेबसाइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका, ताबा कधीचा लिहिलाय, मुदत किती वेळा वाढवली, कोर्टकेस आहे का ते सगळं तिथे फुकट दिसतं. टोकन द्यायचंच तर चेकने द्या आणि बुकिंग रद्द केलं तर किती कापणार ते लेखी घ्या, आणि हो, रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, रेरा कायद्याचं कलम १३ आहे, बिनधास्त दाखवा. रेट कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवरच विचारा. मुद्रांक शुल्क, जीएसटी, पार्किंग, मेंटेनन्स धरून बजेट काढा, मग आजूबाजूला भाडं किती मिळतं ते बघा, एजंटला नाही, सोसायटीच्या वॉचमनला विचारा. भाड्यातून निम्मा हप्ताही निघत नसेल आणि बाकीचा पगारातून झेपत नसेल तर माझ्या मते सोडून द्या, जाऊ दे त्या तीन पार्ट्यांना.