उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवावीत का?

प्रश्न : आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये ६ डेव्हलपर आहेत. रिलीज ७ आठवड्यांवर आलंय आणि काम मागे आहे. वरून आणखी ४ जण देऊ केलेत. घ्यावेत का?

उत्तर : या रिलीजसाठी तरी नको. ६ जणांत परस्पर संवादाच्या जोड्या १५ होतात, १० जणांत थेट ४५. शिवाय नव्यांना कोडबेस (प्रोजेक्टचा सगळा कोड) समजावण्याचा वेळ जुन्यांच्याच कामातून जातो, तोही ऐन घाईत.

आधी अडतंय कुठे ते पाहा. शेवटची २० तिकिटं (कामांच्या नोंदी) काढा आणि प्रत्येक तिकीट रिव्ह्यूत (सहकाऱ्याने कोड तपासण्यात) व टेस्टिंगमध्ये किती दिवस पडून होतं ते लिहा. बहुतेकदा खोळंबा तिथेच सापडतो. हजार ओळींची पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल तपासून सामील करण्याची विनंती) कोणी नीट वाचत नाही. दोन दिवस टाळून शेवटी नुसतं ‘ठीक आहे’ लिहितात! ती २००-३०० ओळींत तोडा. सकाळी नवं काम उघडण्याआधी रिव्ह्यू संपवायचे.

तरीही माणसं घ्यावीच लागली, तर एकच घ्या. त्याला सेटअपच्या कागदात (मशीनवर प्रोजेक्ट चालू करण्याच्या सूचनांत) जिथे अडेल तिथे त्यानेच दुरुस्ती करावी, आणि पहिल्या आठवड्यात एका छोट्या बगची दुरुस्ती प्रॉडक्शनपर्यंत (ग्राहक वापरतात त्या सिस्टिमपर्यंत) न्यावी.