पहिल्यांदाच गाडीचा गिअरबॉक्स उतरवतोयस?

जरूर उतरव, जमेल तुला. पण आधी जागा बघ. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जायला उतार असतो, तिथे गाडी उचलू नकोस. जॅक फक्त उचलण्यापुरता. खाली शिरायचं ते जॅक स्टँड, म्हणजे गाडीचं वजन पेलणारे पक्के पाय, लावूनच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चांगले मिळतात.

मग एवढंच सांभाळ:
- बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढ.
- इंजिनला खालून टेकू दे, बॉक्स सुटला की ते झुकतं.
- बोल्टची लांबी वेगवेगळी असते. पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचं (इंजिनला जोडलं जाणारं बॉक्सचं घंटेसारखं तोंड) चित्र काढ आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोच.

खरी कसोटी चढवताना. क्लच प्लेट डमी शाफ्टने (ती मधोमध बसवायचा दांडा) मधोमध धर, मगच तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आवळ. बॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर (बॉक्सचा क्लच प्लेटमध्ये शिरणारा दांडा) लटकू देऊ नकोस, प्लेट वाकते. शेवटी इंजिन आणि बॉक्समध्ये बोटभर फट राहिली तर बोल्ट आवळून ओढायचा मोह होतो. मी ओढला आणि बेल हाउसिंगचा कान तुटला. कुणाला तरी क्रँक पुली पान्याने किंचित फिरवायला सांग, बॉक्स सरळ रेषेत ढकल. शाफ्टच्या आणि प्लेटच्या खाचा जुळल्या की हातानेच आत सरकतो.

स्टार्टर मारण्याआधी गिअर ऑइल भर. आणि या वेळी बॉक्स उघडू नकोस, ते नंतर बघू.